साठ टक्के ड्रॉपलेट पॉझिटिव्ह म्हणजे नेमके किती व्हायरस

जीन थेरपीच्या व्हायरसचं एक सँपल आमच्या लॅबमधे मोजायला आलं, पार्सलसोबत आलेल्या कागदावर टायटर (व्हायरस किती दाट आहे तो आकडा) होता २.४ई१३ आणि आमच्याकडं निघत होता १.१ई१३. लॅबमधे आम्ही असंच बोलतो, १ई१३ म्हणजे एकावर तेरा शून्य, आणि तेवढे व्हायरस एका मिलीलिटरमधे. सँपल तेच, हैदराबादवरून रातोरात ड्राय आइसमधे आलेलं, सकाळी उघडलं तेव्हा बर्फ अजून अर्ध्याच्या वर शिल्लक होता म्हणजे वाटेत काही झालं असंही म्हणता येईना, आणि आकड्यात दुपटीपेक्षा जास्त फरक. क्लायंटकडच्या मॅडमचा फोन आला, बोलणं गोडच पण टोमणा होताच, "डिजिटल पीसीआर अ‍ॅब्सोल्युट असतं म्हणता ना तुम्ही लोक, मग आमची अर्धी मटेरियल गेली कुठं?" डिजिटल पीसीआर ही आमची मोजायची पद्धत, डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून मोजणारी, आणि अ‍ॅब्सोल्युट म्हणजे कशाशी तुलना न करता थेट.

मी इथं सोलापुरात, चिंचोळी एमआयडीसीत एका छोट्या टेस्टिंग लॅबमधे काम करते. सोलापुरात जीन थेरपीचं काम म्हटलं की लोक आधी माझ्याकडं बघतात अन् मग विषय बदलतात, कारण इथलं म्हणजे चादर, टॉवेल, शेंगाचटणी. पण जागा हिशोबानं बरी आहे. पुणे एका बाजूला, हैदराबाद दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडून संध्याकाळी निघालेला डबा सकाळी आमच्या दारात. आम्ही व्हेक्टर बनवत नाही, फक्त मोजतो. बनवणारे वेगळे, टोचणारे वेगळे, मधे बसून किती आहे ते सांगणारे आम्ही.

आता हे व्हेक्टर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. एएव्ही, म्हणजे अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, हा एक बारका व्हायरस, १९६५ मधे अ‍ॅडिनोव्हायरसच्या सँपलमधे भेसळ म्हणून सापडलेला. साधारण २५ नॅनोमीटरचं कवच, त्याला कॅप्सिड म्हणतात, ६० प्रोटीन जोडून झालेलं, आणि आत जेमतेम ४.७ किलोबेसचा, म्हणजे ४,७०० अक्षरांचा, सिंगल स्ट्रँड (एकेरी धाग्याचा) डीएनए. थेरपीसाठी त्यातले व्हायरसचे स्वतःचे जीन काढून टाकतात आणि दोन टोकांचे ठरावीक तुकडे, आयटीआर, तेवढे ठेवून मधे आपल्याला हवा तो जीन बसवतात. म्हणजे कवच व्हायरसचं, आतला माल आपला. आमच्याकडं आलेला होता एएव्ही९, म्हणजे एएव्हीचा नऊ नंबरचा प्रकार, आत एक स्नायूंच्या आजारावरचा जीन, पुढं उंदरांवरच्या स्टडीला जाणार होता.

आकडा दुप्पट का निम्मा याला एवढं महत्त्व का, तर डोस या आकड्यावरच ठरतो. गोळीत मिलिग्राम असतात तसं इथं व्हेक्टर जीनोम मोजून देतात. २०१९ मधे अमेरिकेत मंजूर झालेलं झोल्जेन्स्मा, एसएमए हा मज्जातंतू-स्नायूंचा आजार झालेल्या लहान मुलांसाठीचं, त्याचा डोस आहे किलोमागे १.१ई१४. पाच किलोचं बाळ असेल तर ५.५ई१४ व्हायरस एकदाच शिरेतून. त्याच्या उलट लक्सटर्ना, डोळ्यात द्यायचं, २०१७ चं, एका डोळ्याला १.५ई११ बस्स. आता मोजणाऱ्यानं दुपटीची चूक केली तर एक तर औषध लागूच पडणार नाही, एएव्हीची तर पुन्हा डोस द्यायची सोय पण नसते कारण पहिल्या डोसनंतर शरीरात अँटीबॉडी तयार होतात, आणि नाही तर जास्त जाईल. जास्त जाण्याचं भय काल्पनिक नाही, २०२० मधे एक्स-लिंक्ड मायोट्युब्युलर मायोपथी या स्नायूंच्या आजाराच्या ट्रायलमधे मोठा डोस मिळालेली मुलं लिव्हरच्या त्रासानंतर दगावली. हे सगळं डोक्यात असल्यावर "दोन-अडीच पट फरक चालतो हो बायोलॉजीत" असं कुणी म्हणलं की माझं डोकं फिरतं.

तर क्लायंटचा आकडा होता क्यूपीसीआरचा. पीसीआरमधे डीएनए दर सायकलला दुप्पट होत जातो, आणि क्यूपीसीआर बघतं की तो किती सायकलनंतर दिसण्याइतका झाला, म्हणजे आमच्या भाषेत उगवला. क्यूपीसीआर स्वतःहून काही मोजत नाही, तुलना करतं. तुम्ही माहीत असलेल्या प्रमाणाचा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची गोल कडी, घेऊन त्याचा स्टँडर्ड कर्व्ह काढता आणि तुमचं सँपल त्या रेषेवर कुठं बसतं ते बघता. म्हणजे सगळी मदार त्या प्लाझ्मिडवर. आणि प्लाझ्मिड असतो सुपरकॉइल्ड, पीळ घातलेला, त्याचे स्ट्रँड सुरुवातीच्या सायकलमधे नीट सुटत नाहीत, त्यामुळं तो उशिरा उगवतो. स्टँडर्डच उशिरा उगवला की त्याच्या शेजारी सँपल लवकर उगवल्यासारखं दिसतं आणि टायटर फुगतो. हे एएव्हीवाल्यांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे, उपाय पण सोपा, प्लाझ्मिड आधी रिस्ट्रिक्शन एन्झाइमनं कापून सरळ करून घ्यायचा. पण सोपा उपाय सगळेच करतात असं नाही. आमच्या सरांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला, "मॅडम, स्टँडर्ड लिनिअराइज केलेला का?" तिकडं थोडी शांतता, मग "बघून सांगते".

आमच्या टेक्निशियनला तिथंच आनंद झाला, "झालं की मग, त्यांचंच चुकलंय". तो सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, हैदराबादच्या लोकांशी फोनवर थेट तेलुगूत, त्यामुळं आमची अर्धी भांडणं तोच मिटवतो. पण सर म्हणले, थांब, त्यांचा आकडा फुगलेला असेल म्हणून आपला बरोबर आहे असं कुठं ठरलं? आणि तिथून खरं काम सुरू झालं.

डिजिटल पीसीआर कसं मोजतं ते मी नवीन पोरांना शेंगदाण्यावरून सांगते. समजा जमिनीवर वीस हजार वाट्या मांडल्या आणि पोत्यातनं शेंगदाणे डोळे झाकून वर उधळले. काही वाट्यांत एक पडेल, काहींत दोन-तीन, काही रिकाम्या राहतील. आता प्रत्येक वाटीतले दाणे मोजायचे नाहीत, फक्त रिकाम्या वाट्या किती ते मोजायचं, आणि रिकाम्यांच्या प्रमाणावरून एकूण दाणे किती ते गणितानं निघतं. ते गणित म्हणजे पॉइसाँ. मशिनमधे वाट्यांच्या जागी तेलातले थेंब, क्यूएक्स२०० वर २० मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनचे साधारण २०,००० ड्रॉपलेट होतात, एकेकाचं आकारमान सुमारे ०.८५ नॅनोलिटर. प्रत्येक थेंबात वेगळा पीसीआर, ज्यात टार्गेट होता तो चमकतो, नव्हता तो नाही. स्टँडर्ड कर्व्ह लागत नाही, किती सायकलला उगवलं याच्याशी देणंघेणं नाही, फक्त हो का नाही. या पद्धतीला डिजिटल पीसीआर हे नाव १९९९ मधे व्होगेलस्टाइन आणि किंझलर यांच्या पेपरनं रूढ केलं, ते कॅन्सरमधले म्युटेशन शोधत होते, जीन थेरपीवाले त्याकडं नंतर वळले.

आमच्या त्या सँपलचं गणित असं होतं. १०० पैकी ६० ड्रॉपलेट पॉझिटिव्ह, ४० रिकामे. ०.४ चा नॅचरल लॉग काढून चिन्ह बदललं की ०.९२, म्हणजे सरासरी एका थेंबात ०.९२ कॉपी. याला ०.८५ नॅनोलिटरनं भागलं की मायक्रोलिटरला साधारण १,०८० कॉपी. रिअ‍ॅक्शनमधे २० पैकी २ मायक्रोलिटर सँपल म्हणून गुणिले दहा, सँपल दहा लाख पट पातळ केलेलं म्हणून गुणिले दहा लाख, मिलीलिटरसाठी गुणिले हजार, झालं १.१ई१३. गणितात खोट नाही. पण बघा, मशिननं मोजलं ते फक्त १,०८०, बाकीचे सगळे शून्य आमच्या पिपेटनं लावलेत. अ‍ॅब्सोल्युट हा शब्द त्या १,०८० पुरता खरा आहे. त्याच्या आधी ट्यूबमधे काय झालं, थेंबात गेलेली एक कॉपी म्हणजे एक व्हायरस होता का दोन, का अर्धा, ते मशिनला काय माहीत.

म्हणून आम्ही मागं जायचं ठरवलं, अगदी वायल वितळवण्यापासून.

पहिली पायरी डीएनेज. व्हेक्टर बनवताना पेशींमधे प्लाझ्मिड घालतात, त्याचे तुकडे कॅप्सिडच्या बाहेर नुसते तरंगत असतात, ते मोजायचे नाहीत. डीएनेज उघडा डीएनए खाऊन टाकतो, कॅप्सिडच्या आतला सुरक्षित. पाच मायक्रोलिटर व्हेक्टर पन्नासच्या रिअ‍ॅक्शनमधे, ३७ डिग्रीला. सोबत एक कंट्रोल ठेवायचा, त्यात व्हायरस नाही, मुद्दाम उघडा प्लाझ्मिड टाकायचा आणि शेवटी तो गायब झाला का बघायचं, नाही झाला तर डीएनेज मेलेला आहे समजायचं. आमचा कंट्रोल साफ होता. मग हा डीएनेज मारायचा पण, ईडीटीए टाकून आणि गरम करून, नाही तर पुढं कॅप्सिड फोडल्यावर तो आतल्या जीनोमवरच तुटून पडतो. ही पायरी घाईत उरकणारे लोक मी बघितलेत, आणि मग म्हणतात टायटर पडलाय.

दुसरी, पातळ करणं. ऐकायला काहीच नाही, पण माझ्या मते निम्मं भांडण इथंच असतं. एएव्ही प्लास्टिकला चिकटतो. जितकं पातळ कराल तितका त्यातला मोठा हिस्सा ट्यूबच्या भिंतीला आणि टिपला जाऊन बसतो. नुसत्या पाण्यात पातळ केलं तर दर पायरीला आकडा गळत जातो. म्हणून बफरमधे थोडं प्लुरॉनिक एफ-६८ टाकायचं, सोबत कॅरिअर म्हणून भलताच कुठला तरी डीएनए, आम्ही सामन माशाचा वापरतो, आणि ट्यूब लो-बाइंड. प्लुरॉनिक पण बेतानं, डिटर्जंट जास्त झालं की ड्रॉपलेट नीट होत नाहीत. दर पायरीला टिप बदलायची, व्हॉर्टेक्स करून खाली बसवायचं, आणि एक मायक्रोलिटर घेऊन हजारपट पातळ करायचा शहाणपणा करायचा नाही, दहा-दहाच्या पायऱ्यांनी उतरायचं. पातळ बरोबर झालं का हे कळायला एकाच सँपलची दोन-तीन डायल्युशन लावायची, गुणाकार केल्यावर सगळ्यांनी एकच टायटर सांगितला पाहिजे. आमचं इथं व्यवस्थित जुळत होतं.

तिसरी, कॅप्सिड फोडणं, आणि इथं सरांना शंका होती. एएव्ही सिंगल स्ट्रँड डीएनए भरतो हे वर सांगितलं, पण कुठला स्ट्रँड? दोन्ही. निम्म्या कॅप्सिडमधे प्लस, निम्म्यात मायनस, साधारण सारख्या प्रमाणात. आता ९५ डिग्रीला कॅप्सिड फुटली, दोन्ही प्रकारचे स्ट्रँड बाहेर पडले, आणि ट्यूबमधे गर्दी असेल आणि सावकाश थंड होऊ दिलं तर प्लस मायनसला शोधून चिकटणारच. दोन वेगवेगळ्या व्हायरसमधले दोन जीनोम मिळून एक डबल स्ट्रँड. तो जोडीनं एकाच थेंबात जातो आणि आपण मोजतो एक. म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थितीत टायटर बरोबर निम्मा. क्यूपीसीआरला याचा फारसा फरक पडत नाही कारण तिथं सगळं एकाच भांड्यात वाढतं, जोडी असली तरी दोन स्ट्रँड म्हणजे दोनच. थेंबात मात्र जोडी गेली की एकच थेंब चमकतो.

आम्ही जी पद्धत चालवत होतो ती बऱ्याच ठिकाणी चालते तीच, डीएनेजनंतर त्याच ट्यूबमधे गरम करून फोडायचं आणि मग पातळ करायचं. सर म्हणले, तीन प्रकारे लावून बघ. एक, नेहमीसारखं. दोन, आधी हजारपट पातळ कर, मग फोड, आणि थेट बर्फात घाल, म्हणजे स्ट्रँडना एकमेकांना गाठायला गर्दीच नको. तीन, फोडूच नको, अख्ख्या कॅप्सिड थेंबात जाऊ दे आणि पीसीआरच्या पहिल्या ९५ डिग्रीच्या दहा मिनिटांत थेंबाच्या आतच फुटू दे, तिथं दुसरा स्ट्रँड भेटायचा प्रश्नच नाही.

हे सगळं चाललेलं मे महिन्यात. बाहेर ४३ डिग्री, धुळीचा वारा, आणि दुपारी लाइट गेली की जनरेटर चालू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एसी बंद पडून खोली तापायला लागते. ड्रॉपलेट बनवायचं काम म्हणून आम्ही सकाळी सातला करतो. कार्ट्रिजच्या एका रांगेत २० मायक्रोलिटर सँपल, दुसऱ्या रांगेत ७० मायक्रोलिटर तेल, वर रबरी गॅस्केट, मशिन व्हॅक्यूमनं ओढतं आणि तिसऱ्या रांगेत दुधासारखं पांढरं काही तरी जमा होतं, तेच ड्रॉपलेट. ते उचलून प्लेटमधे घालायचे, आणि इथं हात जड असलेला माणूस चालत नाही. पिपेट तिरकी, ओढायला पाच सेकंद, सोडायला पाच सेकंद, भिंतीवरून. झटक्यात ओढलं की थेंब फाटतात, एकमेकांत मिसळतात. सँपल टाकताना बुडबुडा राहिला तर त्या वेलचे (प्लेटमधल्या खड्ड्याचे) थेंब कमी येतात, आणि १०,००० च्या खाली गेलेली वेल आम्ही धरतच नाही. आमचा टेक्निशियन यात लय भारी आहे, त्याच्या वेलमधे हमखास सतरा-अठरा हजार. तो म्हणतो आजोबा हातमागावर बसायचे, हात घरचाच आहे. मग फॉइल लावून प्लेट सील, थर्मल सायकलर, तापमान सेकंदाला दोन डिग्रीपेक्षा जोरात वाढवायचं नाही कारण तेलातल्या सगळ्या थेंबांपर्यंत उष्णता सारखी पोचायला पाहिजे, चाळीस सायकल, शेवटी ९८ ला दहा मिनिटं, मग ४ डिग्रीवर. त्यानंतर रीडर एकेक वेल शोषून एकेक थेंब प्रकाशाच्या झोतासमोरून पळवतो.

थेंबांचा नकाशा बघण्यात एक वेगळीच मजा आहे. खाली निगेटिव्हचा पट्टा, वर पॉझिटिव्हचा, आणि मधे विखुरलेले ठिपके, त्याला आम्ही रेन म्हणतो. रेन जास्त असला की थ्रेशोल्ड कुठं ओढायचा यावरून वाद. वर ओढला तर आकडा कमी, खाली ओढला तर जास्त, आणि सॉफ्टवेअरला ऑटोवर सोडलं तर ते कधी कधी अगदी विचित्र जागी ओढतं. आमचा नियम असा की टेम्प्लेट नसलेली एनटीसी वेल आणि पॉझिटिव्ह कंट्रोल बघून आधी थ्रेशोल्ड ठरवायचा, सँपल त्यानंतर उघडायचं. आवडता आकडा यावा म्हणून रेघ हलवणं फार सोपं आहे, एका माऊसचं काम. डिजिटल पीसीआरच्या रिपोर्टमधे काय काय लिहावं याचे डीएमआयक्यूई नावाचे नियम २०१३ मधे आले, २०२० मधे सुधारले, त्यात थेंबांची संख्या, आकारमान, कंट्रोल सगळं सांगायला लावलंय. तरी नुसता शेवटचा आकडा लिहून पाठवणारे रिपोर्ट अजून बघायला मिळतात.

तर तीन प्रकारांचा निकाल. नेहमीच्या पद्धतीनं १.१ई१३. पातळ करून मग फोडल्यावर १.६ई१३. कॅप्सिड थेंबातच फोडल्यावर १.७ई१३. मी पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. म्हणजे मशिन एकच, माणूस तोच, प्रायमर प्रोब (कुठला तुकडा वाढवायचा आणि चमकवायचा ते ठरवणारे डीएनएचे बारके तुकडे) तेच, फक्त गरम कधी केलं एवढ्यावर आकडा दीडपट हलला. टेक्निशियनचा चेहरा बघण्यासारखा झालेला. तिकडून दोन दिवसांनी फोन आला, स्टँडर्ड सुपरकॉइल्डच होता, कापून परत लावला तर त्यांचा टायटर १.८ई१३ वर उतरला. दोघं दोन बाजूंनी मधे आलो.

मला विचाराल तर यात धडा वगैरे शोधण्यापेक्षा एक गोष्ट वाईट वाटते ती ही, की हे काही नवीन नाही. २०१० च्या सुमारास एएव्ही२ चं रेफरन्स मटेरियल बनवून बऱ्याच लॅबना वाटलं होतं, तेव्हाही लॅब-लॅबच्या टायटरमधे तफावत आलीच होती. म्हणूनच तर लोक डिजिटल पीसीआरकडं आले. आणि आता डिजिटल पीसीआरच्या आकड्यापुढं कुणी प्रश्नच विचारत नाही, कारण स्टँडर्ड कर्व्ह नाही म्हणजे भांडायला जागाच नाही अशी समजूत. जागा आहे, फक्त ती आता ट्यूबकडं सरकलीय.

बरं टायटर जुळला म्हणून काम संपलं नव्हतं. आमचा प्रोब होता ट्रान्सजीनच्या, म्हणजे आत बसवलेल्या जीनच्या, शेवटी पॉलीए नावाच्या भागाजवळ. सरांनी सांगितलं दुसऱ्या टोकाला, जीन चालू करणाऱ्या प्रमोटरजवळ एक प्रोब लाव आणि दोन्ही एकाच रिअ‍ॅक्शनमधे बघ, एक फॅम, एक हेक्स, म्हणजे दोन वेगळे रंग. आयटीआरवर का नाही असं कुणी विचारेल, तर तो १४५ बेसचा भाग स्वतःवरच दुमडून गाठ मारल्यासारखा बसतो, पीसीआरला तिथं वाढणं जड जातं, शिवाय एका जीनोमला दोन आयटीआर, एकच मोजला का दोन हा गोंधळ वेगळा. सगळ्या व्हेक्टरना चालतो म्हणून लोक वापरतात, मला स्वतःला तो आवडत नाही.

दोन प्रोब लावण्याचा उद्देश असा की जीनोम अख्खा असेल तर दोन्ही रंग एकाच थेंबात दिसतील, तुटका असेल तर वेगवेगळ्या थेंबात. यासाठी सँपल अजून पातळ पाहिजे, नाही तर योगायोगानंच दोन वेगळे तुकडे एका थेंबात येतात. आम्हाला ३० टक्के थेंब फॅमचे, ३० टक्के हेक्सचे मिळाले. दोघांचा काही संबंध नसता तर दोन्ही रंगाचे थेंब ९ टक्के यायला पाहिजेत, ०.३ गुणिले ०.३. प्रत्यक्षात आले २२ टक्के. म्हणजे जोडलेले आहेत, पण सगळे नाहीत, सगळे असते तर तीसच्या तीस आले असते. पॉइसाँनं हिशोब केला तर साधारण ६६ टक्के जीनोम या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. बाकीचे एक टोक हरवलेले.

आता हे ६६ पण जसंच्या तसं घ्यायचं नाही. दोन टोकं असली म्हणजे मधला सगळा भाग आहेच असं नाही. आणि ९५ डिग्रीला फोडताना काही जीनोम आम्हीच तोडले असतील. म्हणून थेंबात फोडायच्या पद्धतीनं पण लावलं, तिथं आकडा वर गेला, पण तिथं उलटी अडचण, एकाच कॅप्सिडमधे दोन तुकडे असतील तर ते एकाच थेंबात राहतात आणि अख्खे असल्याचा आव आणतात. रिपोर्टमधे दोन्ही आकडे लिहिले. क्लायंटच्या मॅडमना एकच आकडा पाहिजे होता, "कमिटीला दोन आकडे दाखवले तर शंभर प्रश्न येतात हो". सर म्हणले, येऊ देत की.

त्यानंतर बॅकबोन. प्लाझ्मिडच्या ज्या भागात कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन असतो तो व्हेक्टरमधे जायलाच नको, पण थोडाफार चुकून कॅप्सिडमधे भरला जातो, आणि एकदा आत गेला की डीएनेज त्याचं काही करू शकत नाही. कॅनामायसिनच्या जीनचा प्रोब लावला की तो दिसतो. डिजिटल पीसीआर इथं खरंच कामाचं आहे कारण भरपूर जीनोमच्या गर्दीतला थोडासा बॅकबोन पण थेंब वेगळे असल्यामुळं सुटा दिसतो. या लॉटमधे होता, थोडा, बनवणाऱ्यांनी ठरवलेल्या मर्यादेत. फक्त हे मोजताना टायटरच्या डायल्युशनमधे बघायचं नाही, तिथं तो शून्यच दिसणार, कमी पातळ केलेलं घ्यायचं.

शेवटी एलायझानं, म्हणजे अँटीबॉडी वापरून प्रोटीन मोजणाऱ्या टेस्टनं, एकूण कॅप्सिड मोजल्या. डिजिटल पीसीआर फक्त आतला डीएनए बघतं, रिकाम्या कॅप्सिड त्याला दिसतच नाहीत, आणि त्या असतातच, बनवताना पुष्कळ रिकाम्या तयार होतात, साफ करताना जमेल तेवढ्या काढतात. रिकाम्या राहिल्या तर पेशंटला औषध न देता नुसतं व्हायरसचं प्रोटीन देतोय असं होतं. आता भरलेल्याचं प्रमाण काढायचं म्हणजे जीनोम भागिले कॅप्सिड. वर १.१ घ्यायचं, १.६ घ्यायचं का क्लायंटचं जुनं २.४? त्यांच्या जुन्या आकड्यानं भागलं तर कॅप्सिडपेक्षा जीनोमच जास्त येत होते, म्हणजे शंभर टक्क्याच्या वर भरलेल्या. हा हिशोब त्यांच्या कुणी आधी केला असता तर मे महिन्यातली पळापळ वाचली असती, पण टायटर बघणारी टीम वेगळी आणि एलायझा बघणारी वेगळी, बऱ्याच ठिकाणी असंच असतं.

घरी बाबांना एकदा हे सगळं सांगत होते, ते टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झालेत. सगळं ऐकून म्हणले, "आणि यातला कुठला व्हायरस काम करतोय ते कळतं का?" नाही कळत. जीनोम आहे म्हणजे तो पेशीत शिरेल, न्यूक्लियसपर्यंत पोचेल, प्रोटीन तयार करेल असं अजिबात नाही. त्यासाठी पेशींवरची पोटेन्सी टेस्ट वेगळी, ती आमच्याकडं होत नाही.

रिपोर्ट गेला तेव्हा टायटरच्या ओळीत १.६ई१३ लिहिलं आणि त्याच ओळीत, खाली तळटीपेत नाही, पातळ करून फोडलं, कुठला प्रोब, किती थेंब, थेंबाचं आकारमान किती धरलं, हे पण. मॅडमनी एकदा काढायला सांगितलं, फॉरमॅटमधे बसत नाही म्हणून. सरांनी फॉरमॅटची ओळ रुंद करून पाठवली. उंदरांचा डोस आता त्या आकड्यावर निघालाय, आणि त्यांच्या जुन्या लॉटचे उरलेले वायल पण आमच्याकडं येणार आहेत परत मोजायला, कारण तुलना करायची तर सगळे एकाच पद्धतीनं मोजलेले पाहिजेत.

मधल्या काळात पुण्याहून एक वेगळंच काम आलंय, लेंटिव्हायरसचं. तिथं व्हेक्टर पेशीच्या डीएनएमधे जाऊन बसतो, त्यामुळं प्रश्न मिलीलिटरमधे किती हा नाही, एका पेशीत सरासरी किती कॉपी बसल्या हा. एका रंगात व्हेक्टर, दुसऱ्या रंगात माणसाचा आरपीपी३० जीन, जो पेशीत दोनच असतो, आणि भागाकार. तो प्रोब मागवलाय. टेक्निशियन म्हणतोय या वेळी डीएनए आधी एन्झाइमनं कापायचा का नाही ते मशिन चालू करायच्या आधीच भांडून घेऊ.